गाडीच्या काचेवरचे स्टिकर आणि मागे उरणारा चिकटा

तीन वर्षांपूर्वी म्हापशात एक जुनी गाडी घेतली. इंजिन ठणठणीत, सीटा स्वच्छ, पण काचा म्हणजे ग्रामपंचायतीचा नोटीस फळा. पुढच्या काचेवर जुने कागदी स्टिकर एकावर एक, बाजूच्या काचेवर कुठल्याशा मोबाईल दुकानाची जाहिरात. मागच्या काचेला आतून ‘श्री देवी लईराई प्रसन्न’, त्याखाली एका फुटबॉल क्लबचा बिल्ला आणि कोपऱ्यात निवडणुकीतल्या कुणा उमेदवाराचा उरलेला अर्धा चेहरा. देवीच्या नावाला हात लावायला मन धजेना. बाकीचं मात्र एका रविवारी दाढीच्या ब्लेडने खरवडून काढलं. पाऊण तासात काच लख्ख झाली आणि मी स्वतःवर खूश.

पुढे जुलैत बेळगावला जाताना चोर्ला घाटात दाट धुकं लागलं. मागच्या काचेचा डीफॉगर, म्हणजे काच तापवून तिच्यावरची वाफ उडवणाऱ्या तारा, लावला. आरशात पाहिलं तर काच हळूहळू साफ होत होती, फक्त मधले तीन आडवे पट्टे पांढुरकेच राहिले. काचेवरच्या त्या तीन बारीक तारा मीच ब्लेडने कापल्या होत्या. डिचोलीच्या गॅरेजवाल्याने त्यावर बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाला, “बाब, काच कुठची ती आधी बघायची. ब्लेड मग.”

तेव्हा आधी काचच बघू.

कुठली काच, कुठली बाजू

गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ, पारदर्शक थर, त्यामुळे ती फुटली तरी जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असतात, म्हणजे तापवून झटकन थंड केलेल्या. त्या मजबूत असतात, पण फुटल्या की खडीसाखरेसारखा चुरा होतो, आणि एकदा चरा पडला की तो घासून घालवणं जवळजवळ अशक्य. ब्लेडने चरा पडण्याचा धोकाही टेम्पर्ड काचेला जास्त. बनवताना तिच्या पृष्ठभागावर काचेचे अतिसूक्ष्म कण चिकटून राहिलेले असू शकतात. पातं त्यातल्या एकाला अडकलं की तो कण निघतो आणि पात्याखाली फरफटत रेघ ओढत जातो.

मागच्या काचेच्या आतल्या बाजूला त्या तपकिरी आडव्या रेघा दिसतात, तो डीफॉगर. चांदीमिश्रित लेप काचेवर भाजून त्या केलेल्या असतात आणि नखाने जाणवतील इतपतच वर आलेल्या असतात. काही गाड्यांत रेडिओचा अँटेनाही तिथेच असतो. म्हणून कुठल्याही स्टिकरला हात लावण्याआधी तो काचेच्या आत आहे की बाहेर, हे बोट फिरवून ठरवा. आतून चिकटवलेले, बाहेरून वाचता येणारे स्टिकर पुष्कळ असतात आणि घाईत फसगत होते ती तिथेच.

आणखी एक खात्री करायची. काचेवर फिल्म आहे का? बाजूची काच दोन बोटं खाली घ्या आणि वरची कड बघा. फिल्म असेल तर ती कडेच्या जराशी अलीकडे संपलेली दिसते. कंपनीतूनच रंगीत आलेली काच मात्र कडेपर्यंत एकाच रंगाची असते. स्टिकर फिल्मवर लागला असेल तर ब्लेड, अ‍ॅसिटोन, थिनर सगळं वर्ज्य. कोमट साबणपाणी, थोडं तेल आणि भरपूर सबुरी.

जे काढायचेच नाहीत

फास्टॅग काचेवरून सोलला की मेला. आतला अँटेना फाटावा अशीच त्याची रचना असते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा आहे, आणि गोव्यातल्या गोव्यात फिरताना त्याची आठवण होत नसली तरी कोल्हापूरच्या पुढे किणीचा टोलनाका येतो, मग तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर. जुनी गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाचा फास्टॅग बंद करवून घ्या, नवा हातात येऊ द्या आणि मगच जुना काढा.

दुसरा, उच्च सुरक्षा नंबरप्लेटसोबत येणारा रंगीत स्टिकर. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना तो कंपनीतूनच येतो. पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा, डिझेलला नारिंगी. काढायला गेलं की फाटेल असाच तो बनवलेला असतो आणि नंबरप्लेटचाच भाग मानला जातो. तो राहू द्या.

सामान

घरात जे असतं त्यातच बहुतेक काम होतं. एक बादली पाणी, गाडी धुण्याचा शाम्पू किंवा भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, तीन-चार मायक्रोफायबर फडकी, हेअर ड्रायर, जुनं एटीएम कार्ड, खोबरेल तेल आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल. डॅशबोर्डवर अंथरायला एक जाड टॉवेल, कारण अल्कोहोलचा ओघळ प्लॅस्टिकवर गेला तर पांढरा डाग राहू शकतो. दारावरच्या काचेच्या बटणांवरही फडकं टाका. त्यात पाणी गेलं की खर्च स्टिकरपुरता राहत नाही.

जवळही आणू नयेत अशा वस्तू: स्वयंपाकघरातली हिरवी घासणी, तारेची घासणी, टूथपेस्ट आणि पेट्रोल. हिरव्या घासणीत काचेहून कठीण कण असतात. पेट्रोलने चिकटा निघतो हे खरं, पण बंद गाडीत त्याची वाफ साचते आणि एखादी ठिणगी पुरते. शिवाय काचेभोवतीचं रबर ते फुगवतं. थिनरचंही तेच. काचेला काही होत नाही, पण एक थेंब बॉनेटवर पडला की रंग गेला.

आधी धुवा

हे सांगायला नको असं वाटतं, पण इथेच बहुतेक जण चुकतात. आमच्याकडे डिचोली-साखळीच्या पट्ट्यात गाडी उभी केली की तासाभरात चिऱ्याच्या लाल मातीची पूड बसते, आणि खाणीचे ट्रक जात असतील तर लोहखनिजाचीही. किनाऱ्याकडे वाळू. पदार्थ किती कठीण हे मोजणाऱ्या मोह्स मापावर काच साधारण ५.५, तर वाळूतलं क्वार्ट्झ ७. म्हणजे कोरडं फडकं मारलंत की तुम्ही काच पॉलिशपेपरने घासताय. भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या, मग शाम्पूच्या फेसाने स्टिकर आणि त्याच्या आजूबाजूची वीतभर जागा पुसा. आतली बाजू ओल्या फडक्याने दोनदा पुसायची, दोन्ही वेळा वेगळं फडकं.

ऊब आणि सोलणं

स्टिकरमागचा गोंद धड घन नसतो आणि धड द्रवही नसतो. गारव्यात तो कडक होतो, उबेने मऊ पडतो. म्हणून ड्रायर काचेपासून वीतभर लांब धरून दीड-दोन मिनिटं सारखा हलवत राहा. एकाच जागी रोखून धरू नका. काचेला हात लावला तर चटका न बसता छान गरम लागली पाहिजे. पुढच्या काचेला दगड लागून टवका उडाला असेल तर त्याच्या आसपास ड्रायर नकोच. ऊब एका ठिकाणी वाढली की टवक्याची भेग होते. उकळतं पाणी तर कुठल्याच काचेवर ओतू नये, आणि उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणीही.

एप्रिल-मे मध्ये ड्रायरचीही गरज नसते. गाडी अर्धा तास उन्हात ठेवा, मग माडाच्या किंवा शेडच्या सावलीत आणून लगेच कामाला लागा. सोलायचं सावलीतच, कारण तापलेल्या काचेवर अल्कोहोल काम करण्याआधीच उडून जातं. पावसाळ्यात उलटी अडचण. हवा इतकी दमट की कागदी स्टिकरचा लगदा होतो आणि बाहेरच्या बाजूचं काम मध्येच सर आली की थांबतं. त्या दिवसांत आतले स्टिकर उरकावेत.

आता एक कोपरा नखाने किंवा कार्डाच्या कडेने उचला. बोटभर सुटला की तो वर ओढू नका, मागे दुमडून काचेला जवळजवळ समांतर ओढा. हळू. इतकं हळू की गोंदाची रेघ काचेपासून सुटताना डोळ्यांना दिसली पाहिजे. घड्याळ लावून पाहिलं, हाताच्या पंजाएवढ्या स्टिकरला मला चार मिनिटं लागली आणि मागे जवळपास काही उरलं नाही. त्याच्याच शेजारचा, तेवढाच स्टिकर झटक्यात ओढला तर तो मधून फाटला आणि पुढचा अर्धा तास चिकटा काढण्यात गेला. ओढताना अडलं की थांबा, तिथे पुन्हा ऊब द्या.

कागदी स्टिकरची तऱ्हा वेगळी. वर प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा असतो, तो पाणी आत जाऊ देत नाही. आधी तो पापुद्रा तेवढा सोलायचा. खाली पांढरा खरखरीत कागद दिसू लागला की साबणपाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर चिकटवून वीस मिनिटं सोडून द्यायचं. मग कार्डाने खरवडलं की कागद शेवयांसारखा गोळा होतो.

बाजूच्या काचेचं काम चालू असताना एक पथ्य आहे. काच खाली करायची नाही. चिकटा लागलेली काच दारात गेली की तो आतल्या रबरी पट्टीला लागतो, त्यावर धूळ बसते आणि मग ती काच प्रत्येक वेळी वरखाली होताना चरे पाडून घेते.

चिकटा

खरी कटकट इथून सुरू. बोट लावलं की चिकटतं आणि तासाभरात त्यावर मातीचा तपकिरी चौकोन उमटतो.

पहिला मान खोबरेल तेलाला. गोव्यात ते शोधायला लागत नाही, आणि इथल्या हवेत ते सहसा गोठतही नाही. बोटाने जाडसर थर द्या, वर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटवा म्हणजे ओघळणार नाही, आणि पंधरा-वीस मिनिटं विसरा. तेल गोंदात मुरतं, गोंद फुगतो आणि काचेवरची त्याची पकड ढिली होते. मग अंगठ्याने गोल चोळलं की मळासारख्या वळकट्या निघतात. हट्टी जागेसाठी तेलात चमचाभर खायचा सोडा कालवा. सोडा काचेहून खूप मऊ आहे, चरा पाडत नाही. फिल्म असलेल्या काचेवर मात्र सोडा नको. निलगिरीचं तेल याहून जलद काम करतं, पण ते प्लॅस्टिकलाही चावतं, तेव्हा फडक्यावर घेऊन फक्त काचेपुरतंच वापरा.

तेलाला दाद न देणाऱ्या गोंदासाठी अल्कोहोल. फडकं भिजवून दोन मिनिटं दाबून धरा, मग एकाच दिशेने पुसा. मागेपुढे घासलं तर सुटलेला गोंद पुन्हा पसरतो. दर पुसण्याला फडक्याची घडी बदला. २०२० सालचं सॅनिटायझर अजून कपाटात पडून असेल तर तेही चालतं. त्यातलं जेल उभ्या काचेवर टिकून राहतं, हा त्याचा गुणच म्हणायचा. नंतर त्यातल्या ग्लिसरीनचा तेलकट थर राहतो, तो साबणाने धुवा. गाडीचे दरवाजे उघडे ठेवा, पंखा लावू नका आणि त्या वेळी सिगारेट पेटवणाऱ्या मित्राला घरी पाठवा.

फेणीने निघतो का, असं मला दोघांनी विचारलं आहे. फेणीत अल्कोहोल ४२ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी. चिकट्यावर ती जेमतेम चालते, आणि २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली काजूची फेणी काचेवर ओतण्याइतके वाईट दिवस अजून आलेले नाहीत.

गंजलेले स्क्रू सोडवायला वापरतात त्या डब्ल्यूडी-४० चा फवारा चिकट्यावर चांगला लागू पडतो. काचेवर थेट न मारता फडक्यावर मारून घ्या. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोनही चालतं, पण ते अगदी शेवटी आणि कानकोरणीच्या कापसाने, ठिपक्याएवढ्या जागेपुरतं. दाराच्या वर पाऊस अडवायला लावलेली प्लॅस्टिकची पट्टी आपल्याकडे बहुतेक गाड्यांना असते. तिला अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल लागलं तर बारीक भेगांची जाळी पडते. कुठलाही द्राव पुढच्या काचेच्या अगदी कडेला साचू देऊ नका, दोन काचांमधल्या थरात तो शिरू शकतो.

ब्लेड वापरायचंच असेल तर

फक्त पुढच्या काचेवर, शक्यतो बाहेरून, आणि वर सांगितलेलं सगळं करून झाल्यावर. पकडीत बसणारं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते एकधारी ब्लेड घ्या. दाढीचं अर्धं मोडलेलं पातं बोटांत धरून काम केलं तर काचेआधी बोट कापतं. पातं नवं हवं. गंज चढलेलं, कोपरा मुडपलेलं पातं लगेच टाकून द्या. काचेवर साबणपाणी इतकं की पातं घसरत गेलं पाहिजे. काचेशी साधारण तीस अंशांचा कोन धरा, पुढेच ढकला, मागे ओढू नका. मागे आणायचं तर उचलून आणा. ढकलताना आवाज ऐका. ओल्या काचेवर पातं सळसळतं. करकर ऐकू आली की खाली खडा आहे, थांबा, धुवा. काचेच्या कडेला जी काळी ठिपक्यांची पट्टी असते तिच्यावर आतून ब्लेड चालवू नका. आरशाच्या मागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर त्या भागापासून दूरच राहा.

मागची काच

बाहेरचा स्टिकर असेल तर वरचीच पद्धत, ब्लेड वगळून. आतला असेल तर धातूची कुठलीच वस्तू नको, प्लॅस्टिकचं कार्डही रेघांना आडवं न घालता त्यांच्या दिशेने चालवायचं. सोलतानासुद्धा रेघांच्या दिशेनेच, डावीकडून उजवीकडे. तेल किंवा अल्कोहोल रेघांना काही करत नाही, नुकसान घासण्यानेच होतं. इथे भिजवण्याचा वेळ दुप्पट धरा आणि बोटाचं पेर आणि हे कार्ड यांशिवाय दुसरं हत्यार वापरू नका.

रेघ तुटलीच असेल तर ती शोधायची सोपी युक्ती आहे. दमट सकाळी डीफॉगर लावा, जो पट्टा साफ होत नाही ती रेघ मेलेली. तिच्यावर उजेडात डोळा लावून पाहिलं की केसाएवढी फट दिसते. वीजवाहक चांदीचा रंग मिळतो. फटीच्या वर आणि खाली चिकटपट्टी लावून मध्ये फक्त रेघेएवढी जागा उघडी ठेवायची, अल्कोहोलने पुसायची आणि ब्रशने दोन हात द्यायचे. चोवीस तास डीफॉगर लावायचा नाही. माझ्या तीनपैकी दोन रेघा अशा जिवंत झाल्या.

काळी फिल्म आणि लग्नाची टेप

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली, तरी जुन्या गाड्यांवर ती अजून दिसते आणि पोलिसांनी अडवलं की तालांव, म्हणजे दंडाची पावती, हातात पडतो. फिल्म काढायला वाफ सगळ्यांत चांगली. कपड्यांचा स्टीमर बाहेरून काचेवर फिरवत आतून कोपरा सोलत जायचा, फिल्म अखंड आली तर गोंदही तिच्यासोबत येतो. स्टीमर नसेल तर आतून साबणपाणी फवारून वर कचऱ्याची काळी पिशवी चिकटवा, गाडी तासभर उन्हात ठेवा आणि पिशवी गरम असतानाच सोलायला घ्या. मागच्या काचेवरची जुनी, जांभळी पडलेली फिल्म असेल तर मी स्वतः काढणार नाही. तिथे पैसे देऊन जाणत्या माणसाकडून करून घ्यावं.

लग्नाच्या गाडीवर थर्माकोलची अक्षरं फोमच्या दुहेरी टेपने लावतात. ती उपटायची नाहीत. मासे पकडायच्या गरीला लावतात ती तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, दोन हात लांब कापा, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळा आणि अक्षर व काच यांच्या मध्ये करवतीसारखी मागेपुढे ओढा. फोम मधून कापला जातो. उरलेल्या थराला खोबरेल तेल.

शेवटची पुसापुस

तेल लावलेली काच दिवसा स्वच्छ दिसते. रात्री, पावसात, समोरून हेडलाइट आला की त्याच काचेवर इंद्रधनुष्य पसरतं आणि वायपर ते आणखी फासतो. म्हणून आधी साबणाने, मग अल्कोहोलने आणि शेवटी कोरड्या मायक्रोफायबरने पुसा. वायपरच्या रबरी पात्यांवरूनही ओलं फडकं एकदा फिरवा.

मग काचेजवळ तोंड नेऊन हाः करून वाफ सोडा. स्टिकरची आकृती वाफेत उमटली तर चिकट्याचा पातळ थर अजून आहे. आणखी एकदा अल्कोहोल, आणखी एकदा वाफ. माझ्या पुढच्या काचेवर तिसऱ्या वेळेपर्यंत जुन्या स्टिकरचा चौकोन उमटत होता. चौथ्यांदा नुसतीच वाफ दिसली.